सतरा जणींचा नंबर

१२ जुलै, शनिवार

दोनशे चौदा बायका, साडेसात तास. फाउंडेशनच्या दीपक सरांनी पुण्याहून पाठवलेल्या वेळापत्रकात एका बाईला दोन मिनिटं होती. मी ती पाळली. रेटिनोस्कोप पेटीतच राहिला. या उपकरणाने डोळ्यात उजेड टाकला की माणसाला काही न विचारता त्याचा नंबर कळतो, पण त्याला वेळ लागतो. जूनमध्येच मी हे लिहून कळवलं होतं. उत्तर आलं, 'हे शिबिर आहे, हॉस्पिटल नाही.'

जागा कंपनीच्या फार्मवरची पॅकिंग शेड, अमडापूरपासून सहा किलोमीटर. इथे शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, टोमॅटोचं संकरित बियाणं तयार होतं आणि ते या बायकांच्या हातांनी होतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी चिमट्याने उघडायची, तिचे पुंकेसर काढायचे आणि उद्या सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. एक पुंकेसर राहिला तरी बी अशुद्ध. म्हणून कंपनीच्या फाउंडेशनने फार्मच्या मस्टरवर नाव असलेल्या बायकांची जवळची नजर तपासायची आणि लागेल तिला चष्मा फुकट द्यायचा, अशी योजना आहे. मस्टरवर नाव नसेल तर तपासणी नाही.

मुख्य कार्यालयातून बावीस कर्मचारी स्वयंसेवक म्हणून आले होते. निळे टी-शर्ट, छातीवर 'देण्याचा आनंद'. काम रांग लावणं आणि कार्ड भरणं. एकतीस कार्डं मी पुन्हा लिहिली.

सगळ्यात मोठ्या टोळीच्या मुकादम पंचफुलाबाई खुर्चीत बसल्या.

"जय भीम, ताई. कोन्या गावच्या?"

"जय भीम. बुलढाणा."

"बुलढान्यात कोनाच्या?"

"मावशी, कार्डाकडे बघा."

"पोरगी कडक हाय," त्या रांगेकडे वळून म्हणाल्या आणि रांग हसली. मी हसले नाही. अजून एकशे साठ बायका बाकी होत्या.

शेड झाडणाऱ्या रुखमाबाई, वय बासष्ट. नंबर अडीच. उजव्या डोळ्याची बाहुली पांढरट, मोतीबिंदू पिकत आलेला. बुलढाण्याला शस्त्रक्रियेसाठी पाठवायची नोंद केली. त्यांच्या लगेच मागे वंदना, वय एकतीस. नंबर अडीच. दोघींच्या वाचनात एका ओळीचाही फरक नाही. अडखळल्या त्याही त्याच अक्षरावर. असा योगायोग मी चार वर्षांच्या शिक्षणात पाहिला नव्हता.

१३ जुलै, रविवार

आकडे जुळत नाहीत. चाळिशीच्या आतल्या त्रेसष्ट जणी होत्या. त्यातल्या एखाद-दुसरीला जवळचा चष्मा लागावा. लागला सतरा जणींना.

चूक उजेडात असेल, अंतरात असेल किंवा कार्डाच्या छपाईत. उद्या पाहते.

१५ जुलै, मंगळवार

टेबलावरचा उजेड मीटरने मोजला, पुरेसा आहे. चाळीस सेंटिमीटरची दोरी ताणलेली नाही. कार्डावरची अक्षरं व्हर्नियरने मोजली. सगळं बरोबर.

म्हणजे दोष मोजण्यात नाही. मग सतराही जणींची नावं मस्टरवर शोधली. सतराही एकाच टोळीच्या, पंचफुलाबाईंच्या. सतराही रांगेत मागेपुढे उभ्या होत्या. ही टोळी गेल्या हंगामात तीन ते पाच नंबरच्या शेडनेटमध्ये होती. एकाच बंदिस्त जागेत काम करणाऱ्या तरुण बायकांची जवळची नजर अशी कमी झालेली असेल, तर कारण त्या जागेत शोधायला हवं. फवारणी कधी होते, त्यानंतर किती तासांनी बायकांना आत सोडतात, हे पाहायला हवं.

दीपक सरांना दोन पानांचं पत्र मेल केलं. मागणी दोनच: सतरा जणींची रेटिनोस्कोपने फेरतपासणी आणि फवारणीची नोंदवही. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा उपयोगाचं काही लिहिलं असं वाटलं.

१८ जुलै, शुक्रवार

दीपक सरांचा फोन. "एक्सलंट ऑब्झर्व्हेशन, धम्मशीला." मग म्हणाले, हे मेलवर टाकायला नको होतं, फोन करायचा. का, ते कळलं नाही. मेल केलेलं नोंदीला राहतं, म्हणून तर मी मेल करते.

सतरा जणींची नावं आणि मस्टर क्रमांक वेगळ्या यादीत मागितले. कशासाठी, असं विचारलं. "फॉलोअप." संध्याकाळी यादी पाठवली.

२ ऑगस्ट, शनिवार

चष्मे वाटप. मी प्रत्येकीचा नंबर पाव-पावपर्यंत काढून दिला होता. आलेले चष्मे तीनच नंबरचे: दीड, दोन, अडीच. घाऊक खरेदीत असेच मिळतात म्हणे. सव्वाच्या बाईला दीड आणि पावणेतीनच्या बाईला अडीच. मी पेट्या परत पाठवा म्हटलं. दीपक सरांनी खांद्यावर हात ठेवायला हात उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली घेतला. म्हणाले, "काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

औषधाच्या दुकानात हे वाक्य कोणी ऐकून घेईल का? डोळ्याला चालतं, गरीब बाईच्या डोळ्याला तर चालतंच चालतं.

मग फोटो. सगळ्यांनी चष्मे लावून कॅमेऱ्याकडे पाहायचं. वाचायच्या चष्म्यातून दहा फुटांवरचं नीट दिसत नाही, हे मी दोनदा सांगितलं. एक स्वयंसेवक ओरडत होता, "काकू, स्माईल!"

"दात दाखू का चष्मा दाखू बाप्पा, एक काय ते ठरव," पंचफुलाबाई म्हणाल्या.

वंदना चष्मा घेऊन माझ्याकडे आली. "ताई, याच्या दांड्या जरा फाकून द्या ना."

मी तिच्या डोक्याची रुंदी मोजली. एकशे बत्तीस मिलिमीटर. फ्रेम बरोबर बसत होती. तसं सांगितलं.

"तरी फाकून द्या. मानसाचं डोकं काय, वाढते मांगून." तिच्यामागच्या चार-पाच जणी तोंडाला पदर लावून हसल्या. वाद घालायला वेळ नव्हता. गरम हवेवर धरून दांड्या फाकवून दिल्या.

दुपारी शेडनेटमध्ये चक्कर मारली. सतरापैकी एकीच्याही डोळ्यावर चष्मा नव्हता. रुमालात बांधून कमरेला खोचलेले. अहवालात लिहिलं: 'तरुण गटात वापराबाबत उदासीनता.'

८ सप्टेंबर, सोमवार

आज क्रॉसिंग सुरू झालं. सतरा जणींना गेटवरूनच निंदणाला वळवलं.

हे मला संध्याकाळी कळलं. वंदना अमडापूरला माझ्या खोलीवर आली तेव्हा. चप्पल न काढता दारात उभी राहिली.

"तुमी माह्या डोळ्याचं काय लिहून देलं?"

"तुम्ही सांगितलं ते. अडीच."

"थो माह्या सासूचा नंबर हाय!"

मी तिला आत यायला सांगितलं. ती आली नाही. उभ्यानेच बोलली. तिची सासू झुंबरबाई आधी याच फार्मवर होती. नजर गेली तसं काम गेलं, दोन वर्षं घरी आहे. डाळीतला खडा दिसत नाही, नातवाच्या पायातला काटा दिसत नाही. मस्टरवर नाव नाही म्हणून शिबिरात घेतलं नसतं.

"मंग मी काय करू? रुखमाबाई तिच्याच वयाची. तिच्या मांगं उभी राह्यली अन् तिनं जे सांगतलं थे सांगतलं."

"आणि बाकीच्या सोळा?"

"कोनाची माय, कोनाची सासू, एकीचा तं बुढा. तुमी म्हाताऱ्या मानसायची लाइनच नाई लावली."

"म्हणजे तुम्ही सगळ्या खोटं बोललात."

"हाव. बोललो." तिचा आवाज चढला. "चष्म्यासाठी बोललो. कोनाचं काय नेलं? मी दिवसाले नवशे कळ्या करतो ताई, नवशे. पुऱ्या फार्मवर माह्यासारखा हात नाई. अन् आज थो ज्ञानेश्वर म्हनते, तुले दिसत नाई. माह्या जागेवर दुसरी बसली. टोळीतली जागा एकडाव गेली का गेली."

ती गेल्यावर मी पत्राची प्रत काढून वाचली. वाक्यरचना चांगली आहे. तर्कात कुठे खोट नाही. दोन दिवस मी दिव्याचा उजेड मोजला, दोरी मोजली, अक्षरांची उंची मोजली. एकतीस वर्षांच्या बाईने पुढच्या म्हातारीचीच उत्तरं दिली, तेव्हा तिला एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं. तो विचारला नाही.

आणि तिचा राग येतोच आहे. मी खोटं मोजत नाही. माझ्याकडून खोटं मोजून घेतलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

ज्ञानेश्वर फार्मचा सुपरवायझर. इथलाच, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याला विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून?

"तुमच्या," तो म्हणाला आणि मोबाइल पुढे केला.

पुण्याहून आलेला मेल. खाली माझं दोन पानी पत्र, वर तीन ओळी. यादीतल्या महिलांना वैद्यकीय कारणास्तव क्रॉसिंगला घेऊ नये. कारण विचारल्यास शिबिरातील नजर तपासणीचा हवाला द्यावा. फवारणीचा उल्लेख कोणीही करू नये.

तिसरी ओळ मी दोनदा वाचली. फवारणीने सतरा बायकांचे डोळे बिघडले असतील, असं मी लिहिलं. त्यांनी फवारणी पाहिली नाही. बायका हलवल्या.

"मॅडम, मी काय करू? मी हुकमाचा नोकर. अन् सही तुमची हाय."

सही माझी आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

दीपक सरांना फोन केला. फेरतपासणी मागितली. बजेट संपलं म्हणाले. मी म्हटलं, माझ्या रविवारी करते, बजेट लागत नाही. ते म्हणाले, "आणि सगळ्यांचे डोळे चांगले निघाले तर? मग जुलैत त्या खोटं बोलल्या. चष्मे फसवून घेतले. अशा बायकांना फार्मवर ठेवायचं का, हा वेगळा विषय होईल."

म्हणजे नजर अधू असेल तर कामावरून काढायचं आणि चांगली असेल तर फसवणूक म्हणून काढायचं. हे सगळं अतिशय शांत आवाजात. फोन ठेवताना म्हणाले, वीस तारखेला स्वयंसेवक पुन्हा येत आहेत, वृक्षारोपण, तू हवीसच, तुला या भागाची भाषा येते.

पाणी प्यायले. ग्लास टेबलावर इतक्या जोरात ठेवला की खालच्या घरमालकीणबाईंनी काय पडलं म्हणून विचारलं.

१४ सप्टेंबर, रविवार

वंदनाच्या घरी सतरा जणींना बोलावलं. खिडकीवर गोधडी टांगून अंधार केला आणि रेटिनोस्कोपने एकेक डोळा पाहिला. चार तास लागले. सोळा जणी शून्य. एकीला लांबचा उणे अर्धा, त्याने क्रॉसिंगला काही फरक पडत नाही. चौतीस डोळ्यांत एकही अधू नाही.

झुंबरबाई कोपऱ्यात चष्मा लावून लसूण सोलत होत्या. त्यांचाही नंबर काढला. तीन. अडीचचा चष्मा अर्ध्याने कमी पडतोय, असं सांगितलं.

"झकास दिसते मले. तू नको बदलू वं बाई. बदलाले गेलीस का सूनबाईचं आनखी काही जाईन."

सगळ्या हसल्या. वंदना हसली नाही.

पंचफुलाबाई शेवटी आल्या. तपासायला नाही, बोलायला. वीस तारखेला दुपारी टोळीतली एकही बाई शेडनेटमध्ये जाणार नाही, म्हणाल्या. अडुसष्ट जणी. पुण्याचे लोक त्याच दिवशी येणार आणि चार आणि पाच नंबरच्या नेटमध्ये त्याच दुपारी सगळ्यात जास्त कळ्या तयार असणार.

"कळी काय साहेबाची वाट पाहते? दुपारी नाई खोलली तं सकाळी फुलली अन् बी वाया गेलं. अन् ताई, तुमी थ्या दिवशी येऊ नका. तुमची नौकरी हाय."

मी येणारच नव्हते, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जेवली का?" मी हो म्हटलं. तरी भाकरी वाढली. कार्यालयीन भेटीत मी कोणाकडे जेवत नाही. दोन खाल्ल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

गेले. कोणीतरी मोजायला हवं होतं.

दुपारी दोन. गेटबाहेरच्या कडुलिंबाखाली अडुसष्ट जणी बसलेल्या. पंचफुलाबाई उभ्या. समोर दीपक सर, मागे निळे टी-शर्ट, हातात रोपं.

"सतरा आत, तं सगळ्या आत," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"मावशी, हा वैद्यकीय विषय आहे."

"मंग डॉक्टर आना. हे पोट्टे कायले आनले?"

ज्ञानेश्वर सरांच्या कानाशी लागला. चार आणि पाच नंबरमधल्या कळ्या आजच उघडायला हव्यात, एवढं मला ऐकू आलं. सर दोन मिनिटं बाजूला गेले. परत येऊन त्यांनी माइक घेतला. आजच्या कार्यक्रमात थोडा बदल आहे, म्हणाले. वृक्षारोपण संध्याकाळी. आता आपण सगळे शेडनेटमध्ये जाऊन आपल्या कष्टकरी भगिनींच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव घेणार आहोत. टाळ्या वाजल्या. बावीस जणांना बावीस चिमटे दिले.

मला वाटलं, चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. कोटी-कोटीच्या बियाण्याची बढाई मारणारी कंपनी सतरा बायकांना आत घेण्यापेक्षा ते काम हिशेबनीस आणि मार्केटिंगच्या मुलांकडून करून घ्यायला तयार होती.

बायका जाळीला डोळे लावून पाहत होत्या.

"अवं, थ्यानं तं फांदीच मोडली!"

"ओ दादा! कळी हाय, कुलूप नाई!"

"थे पाय, थे पाय, फोटो काढून राह्यली. कळी मेली, फोटो जित्ता."

वंदना जाळी मुठीत धरून उभी होती. तिच्या जुन्या ओळीत एक उंच मुलगा कळ्या ओरबाडत चालला होता आणि प्रत्येक कळीला तिच्या मानेला झटका बसत होता. शेवटी तिने आवाज दिला, "अहो, बोटात नका धरू, दोन बोटायच्या मधात झेला!" त्याला ऐकू गेलं नाही.

दोन तासांनी मी चार नंबरमधून शंभर कळ्या पाहिल्या. एकेचाळीस मोडलेल्या. अडतीसमध्ये पुंकेसर शिल्लक. बारांना हात लागलेला नाही. नऊ बरोबर. हा आकडा मोठ्याने सांगितला. दीपक सर म्हणाले, "आत्ता नको, धम्मशीला."

काजल नावाची एक स्वयंसेवक मुलगी बाहेर येऊन घाम पुसत मला म्हणाली, "एवढ्या उकाड्यात ह्या रोज किती करतात?"

"वंदना नऊशे."

"कोण वंदना?"

मी बोट दाखवलं. काजल तिच्याकडे गेली आणि आपला चिमटा तिच्यापुढे धरला. वंदनाने हात पुढे केला नाही. "आत घेतलं का घेईन," म्हणाली.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी फार्मच्या ऑफिसात बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता. 'जुलैच्या शिबिरातील मोजमाप तंत्रज्ञाच्या चुकीमुळे सदोष होते. सदर सतरा महिलांची नजर निर्दोष आहे.' खाली माझं नाव.

याच्यावर सही केली की सतरा जणी उद्यापासून आत. फवारणीचं पत्र आपोआप रद्द, कारण मोजमापच चुकीचं. कंपनी फसली नाही, बायकांनी फसवलं नाही, फक्त मला मोजता येत नाही.

मी पेन काढून खाली एक ओळ लिहायला घेतली. 'प्रत्येकीला दोन मिनिटं ठरवून दिली होती, तो मेल सोबत जोडला आहे.'

"तसं केलंस तर कागद लीगलला जाईल," दीपक सर म्हणाले. "महिना लागेल. क्रॉसिंगचे किती दिवस राहिले, ज्ञानेश्वर?"

"महिना, सर," ज्ञानेश्वर जमिनीकडे पाहत म्हणाला.

सही केली. त्याच मजकुराची दुसरी प्रत मागवून, जोडलेल्या ओळीशिवाय.

त्या कागदात एक गोष्ट खरी आहे आणि ती त्यांना माहीत नाही. चूक माझी होती. मोजण्यात नव्हती. दोन मिनिटांत हे होत नाही हे ठाऊक असताना मी खुर्ची मांडून बसले, ती चूक. पण ती माझी मी कबूल करीन. त्यांनी टाइप करून द्यायची नव्हती.

२२ सप्टेंबर, सोमवार

सतरा जणी आत. माझा कागद लॅमिनेट करून गेटवर लावलाय. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तो वाचते किंवा कोणाकडून वाचून घेते.

वंदना तिच्या ओळीत होती. वर पाहिलं, मान हलवली, पुन्हा कळीत. आभार कोणी मानले नाहीत. मानायचं कारण नाही.

पाच नंबरमध्ये आज फवारणी झाली. बायका दीड तासात आत. वेळ लिहून ठेवली. आता पाठवायला कोणी नाही. माझा करार तीस तारखेला संपतो, तो वाढवणार नाहीत. फाउंडेशन पुढच्या वर्षी झाडं लावणार आहे. झाडं बोलत नाहीत.

२७ सप्टेंबर, शनिवार

रुखमाबाईंच्या घरी गेले. बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात सोमवारी शस्त्रक्रियेचा नंबर लावून ठेवला होता. आणखी थांबलं तर उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फुगून दाब वाढेल, मग नजर शस्त्रक्रियेनेही परत येणार नाही.

त्यांचा मुलगा कडूबा ओट्यावर बसला होता. त्याने मोबाइल काढून गेटवरच्या कागदाचा फोटो दाखवला.

"हे तुमीच लिहून देलं ना? तपासनी खोटी व्हती म्हनून?"

"त्या सतरा जणींची. तुमच्या आईची नाही."

"मशीन तेच. हात तेच. त्यायचं चुकलं अन् माह्या मायचं बरोबर? अन् मी मायचा डोळा कापू देऊ?"

त्याचं बरोबर आहे. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. कार्डावर नोंद आहे, टॉर्चने पाहा, म्हटलं. टॉर्च बी तुमचीच, म्हणाला.

त्याला खरं सांगितलं असतं तर सतरा जणींचं काम गेलं असतं. शेजारच्या अंगणात वंदना कपडे वाळत घालत होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तिने एकच लुगडं तीनदा झटकलं आणि आत गेली.

चालत परत आले. सहा किलोमीटर. रस्त्यात कोणाचा राग करायचा ते ठरवत होते. दीपक सर, कडूबा, वंदना, मी. यादी संपेना.

२९ सप्टेंबर, सोमवार

रुखमाबाई येणार नाहीत हे ठाऊक होतं. तरी सकाळी साडेसहाला अमडापूरच्या स्टँडवर गेले, कारण नंबर माझ्या नावाने लावला होता आणि तो रद्द करायला कोणीतरी जायला हवं होतं.

त्या आल्या. हातात पिशवी, दंडाला धरलेली वंदना.

"कडूबाभाऊले सांगून देलं," वंदना म्हणाली.

"काय सांगितलं?"

"खरं. मशीन खरी व्हती, खोट्या आमी व्हतो. काल संध्याकाळी, ओट्यावर. चार घरं ऐकून राह्यली व्हती."

त्या चार घरांतलं एक ज्ञानेश्वरच्या चुलतभावाचं आहे. मी तिच्यावर ओरडले. स्टँडवर, माणसांमध्ये. मी कुठेच ओरडत नाही. आज दुपारपर्यंत त्याच्या कानावर जाईल, फसवणूक म्हणून काढतील, सतराच्या सतरा काढतील, मग मी सही कशासाठी केली? माझं नाव गेटवर कशासाठी टांगलं आहे?

"तुमाले कोनं सांगतलं व्हतं सही कराले?" तीही ओरडली. "आमी इचारलं व्हतं? आमाले इचारलं? मोठ्या आल्या! स्वताच लिहून देता, स्वताच खोडता. आमी बसलोच व्हतो ना लिंबाखाली? आनखी चार दिवस बसलो असतो!"

मी म्हटलं, "आणि आज क्रॉसिंग? सकाळचा पराग कोण लावणार?"

"बुडवली."

"जागा जाईल."

"जाईन तं जाईन. यायच्यासंग कोन जाईन? कडूबाभाऊले कापाकापी पाहून चक्कर येते."

"भांडता काऊन वं?" रुखमाबाई म्हणाल्या. "बस लागली."

तिघींच्या सीटवर रुखमाबाईंना मध्ये बसवलं. चिखलीपर्यंत त्यांच्या डोक्यावरून आम्ही बोललो. काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तिने मला दगड म्हटलं. मी तिला मूर्ख म्हटलं. रुखमाबाई झोपून गेल्या.

चिखलीच्या पुढे पंचफुलाबाईंचा फोन आला. माझ्याच मोबाइलवर.

"ज्ञानेश्वरले समजलं," त्या म्हणाल्या. मागे शेडनेटमधल्या बायकांचे आवाज येत होते. "सकाळीच इचारे, वंदना काऊन नाई आली. म्या म्हटलं, डोळे दाखवाले गेली."

"मग?"

"मंग काय. त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग पाच नंबरकडं पाह्यलं. भरगच्च लागल्या हायेत कळ्या, पोरी. चूप निंघून गेला."

"उद्या?"

"उद्याचं उद्या. अडुसष्ट जनी हाओत. अन् तू जेवून घेजो तिकडं."

फोन ठेवला आणि वंदनाकडे वळले. मला अजून बरंच बोलायचं होतं.